याईराच्या घरचे जेवण

शास्त्रभाग : मार्क ५:३५–४३

प्रभूने याईराच्या मुलीचा हात धरून तिला उठविले, ती चालू लागली आणि पाहणारे थक्क झाले. त्या आश्चर्यात तिच्या भुकेची आठवण प्रभूलाच राहिली, व तिला अन्न देण्याची आज्ञा त्याने केली. ज्याने प्राण परत दिला त्याला एक घास उत्पन्न करणे कठीण होते काय? तथापि तेवढे काम त्याने घरच्यांकडे ठेविले.

ते काम आम्ही कसे करितो? पुण्याच्या शनिवार पेठेत आम्ही राहतो; तेथे पहाटे खेड्यांतले दूध येते, मागाहून मेथी, चाकवत, अंडी, पेरू येतात. परंतु ते पाठविणाऱ्या खेड्यातील लेकराच्या ताटलीत पुष्कळदा भाकरीचा काला असतो, नाहीतर चहात बुडविलेले बिस्किट. (चहा तर अन्नातील लोह नीट अंगी लागू देत नाही.) पोट भरले म्हणून आईबाप निश्चिंत! सन २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील शंभर बालकांपैकी सुमारे ३५ बालके वयाच्या मानाने खुजी आढळली. दुखणी व अस्वच्छ पाणी हीही त्याची कारणे होत. पण ताटलीही आहेच.

मेंदूची फार मोठी वाढ पहिल्या दोन वर्षांत होते, आणि तिला जे लागते ते एकट्या ज्वारीत नाही. म्हणून सहा महिने पुरे झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत बालकाला आठ प्रकारांपैकी निदान पाच प्रकार रोज मिळावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते प्रकार असे : आईचे दूध, धान्य व कंद, डाळी व शेंगदाणे, दूधदही, मांसमासळी, अंडी, पालेभाज्या व पिवळी फळे, आणि इतर फळभाज्या. शेंगदाणे मात्र बारीक कुटूनच द्यावेत.

आईचे ताट तर याहून आधीचे. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली के. ई. एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली आढळली. नुसत्या अन्नाच्या एकूण उष्मांकाशी तसा संबंध दिसला नाही. आणि आमच्या घरांत शेवटी जेवते कोण? सर्वांचे झाल्यावर खरवडलेल्या पातेल्यातील कालवण जिच्या वाट्यास येते तीच. प्रभुभोजनाच्या मेजाशी आम्ही तिला बरोबरीने बसवितो. स्वयंपाकघरात मात्र तसे बसवीत नाही.

दूध विकू नका असे आम्ही म्हणत नाही. त्यावर घर चालते. डेअरीची किटली भरण्यापूर्वी वाटीभर काढून ठेवा. परसात शेवगा लावा, एक कोंबडी घरच्या अंड्यांसाठी राखा. अंगणवाडीत मिळणारा आहार मुलाच्याच मुखी जाऊ द्या.

उपदेशक बंधूंनो, घरभेटीत प्रार्थना होताच उठू नका. धाकट्याने काल काय काय खाल्ले ते विचारा, आणि त्याच्या आईने काय खाल्ले तेही. उत्तर बहुधा सासूबाईच देतील. त्यांनाही जवळ बसवून घ्या.