मुलांच्या हातीं कोणती कादंबरी द्यावी?

खेड्यांतील पुष्कळ शाळांत ग्रंथालय म्हणजे एक कपाट, आणि ग्रंथपाल म्हणजे त्या कपाटाची किल्ली ज्यांच्या खिशांत असते ते गुरुजी. तेरा-चौदा वर्षांचें एखादें मूल त्यांच्यापुढें येऊन उभें राहतें आणि म्हणतें, "गुरुजी, एखादी चांगली गोष्ट द्या ना." मागणें लहानसें आहे, पण तें पुरविणें सोपें नव्हे. कादंबरी वाचणारा मनुष्य कांहीं काळ दुसऱ्याच्या डोळ्यांनीं जग पाहतो, आणि कोवळ्या वयांत असें पाहिलेलें मनांतून लवकर जात नाहीं. तेव्हां दुसऱ्याच्या लेकरास 'अमुक वाच' असें सांगण्याचा अधिकार कसा वापरावा, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडितों.

कित्येक सद्गृहस्थांचें म्हणणें असें कीं, मुलांस कादंबऱ्या देऊंच नयेत. त्यांनीं अभ्यास बुडतो व मन भलतीकडे जातें. ही भीति अगदींच निराधार आहे असें नाहीं. परंतु आपल्या भाषेंतील पहिली कादंबरी म्हणून जिची गणना होते, ती बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' १८५७ सालीं निघाली, ती केवळ करमणुकीसाठीं नव्हे, तर विधवांच्या हालांकडे लोकांचें लक्ष जावें म्हणून. पुढें हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमाक्रमानें आली, तेव्हां घरोघरीं घडणाऱ्या पण कोणी न बोलणाऱ्या गोष्टी वाचकांनीं एका स्त्रीच्या तोंडून ऐकिल्या. निबंध वाचून 'विधवांचे हाल होतात' एवढें कळतें. कादंबरी वाचून एका यमूचे हाल कळतात, आणि मग शेजारच्या घराकडे पाहण्याची आपली दृष्टि बदलते. हा लाभ मुलांस नाकारणें आम्हांस उचित वाटत नाहीं.

दुसरा पक्ष म्हणतो, कादंबऱ्या द्याव्या, पण बोध करणाऱ्या तेवढ्याच द्याव्या. एके काळीं आमचेंही मत हेंच होतें. शाळेचें कपाट आमच्याकडे असतां एक पंधरा वर्षांचा मुलगा पुस्तक मागण्यास आला. आम्हीं कांहीं न विचारतां साने गुरुजींची 'श्यामची आई' काढून दिली. १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलेलें हें पुस्तक. याहून निर्मळ पुस्तक शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल. तिसऱ्या दिवशीं मुलानें तें आणून मेजावर ठेविलें. "आवडलें नाहीं काय?" असें आम्हीं विचारिलें. तो खालीं पाहून म्हणाला, "गुरुजी, शेवटीं आई मरते ना?" मागाहून कळलें कीं, त्याची आई दीड महिन्यापूर्वींच वारली होती. त्यानंतर वर्षभर तो कपाटाजवळ फिरकला नाहीं.

दोष पुस्तकाचा नव्हता. कदाचित् तेंच पुस्तक पुढें त्याचें समाधान करितें. आम्हांस पुस्तक ठाऊक होतें, मुलगा ठाऊक नव्हता. ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम १९३१ सालीं प्रसिद्ध करणारे रंगनाथन यांनीं, प्रत्येक वाचकास त्याचें पुस्तक व प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळाला पाहिजे, असें सांगितलें आहे. यांतील 'त्याचें' हा शब्द आम्ही त्या दिवशीं विसरलों होतों. चांगलेपणा केवळ पुस्तकांत नसतो. देण्याची वेळ आणि घेणाऱ्याचें मन यांवरही तो अवलंबून असतो.

यावरून कोणी म्हणेल, मग दुःखाचीं पुस्तकें मुलांपासून दूरच ठेवावीं. आम्हांस तसें वाटत नाहीं. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' (१९५९) मध्यें भूक व अन्याय आहे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'त (१९५५) दुष्काळानें धनगरांची वस्ती उठते. आपल्या खेड्यांतील मुलांनीं भूक आणि दुष्काळ पुस्तकाच्या आधींच पाहिलेले असतात. पुस्तक त्यांस दुःख शिकवीत नाहीं. आपलें दुःख सांगण्याजोगें आहे, एवढें तें शिकवितें. पारख करावयाची ती याची कीं, लेखक पीडिताच्या बाजूस उभा आहे, कीं पीडेची मौज दाखवीत आहे.

म्हणून किल्ली ज्यांच्याकडे आहे त्यांस आमची विनंति अशी. जें पुस्तक आपण स्वतः वाचिलें नाहीं त्याची शिफारस करूं नये. देण्यापूर्वीं मुलास विचारावें कीं, मागें काय वाचिलें, आणि कोठें कंटाळा आला. एक न देतां दोन-तीन पुढें ठेवावीं, व निवड त्याची त्यास करूं द्यावी. अर्धें वाचून परत आणिलें तर रागावूं नये, आणि 'यापासून काय बोध घेतलास?' अशी परीक्षाही घेऊं नये. कोणत्या मुलीनें काय नेलें याची चर्चा चावडीवर होऊं देऊं नये. एखादा बाप आपल्या मुलाविषयीं हरकत घेईल, तर ती आदरानें ऐकावी; परंतु एका घराच्या हरकतीमुळें सगळ्या वर्गाचें कपाट बंद करूं नये.

प्रिय वाचकहो, तो मुलगा वर्षानें पुन्हां आला. या वेळीं आम्हीं कपाट उघडून दिलें आणि बाजूस उभे राहिलों. बराच वेळ त्यानें पुस्तकें काढून पाहिलीं व परत ठेविलीं. शेवटीं 'बनगरवाडी' हातांत धरून त्यानें विचारिलें, "हें कसें आहे, गुरुजी?" आम्हांस जें ठाऊक होतें तें आम्हीं सांगितलें, शेवटीं गांव उठतें हेंही लपविलें नाहीं. "मग नेतों," असें तो म्हणाला, आणि वहीत त्यानें आपल्या हातानें नांव लिहिलें.