परवडणारा कोयता

घरात गॅस आला तरी न्हाणीची चूल काही विझली नाही. अंघोळीचं पाणी अजून जळणावरच तापतं. बाभळीच्या फांद्या, तुरकाट्या, बांधावरची सुबाभूळ असलं मनगटाएवढं लाकूड तोडायचं, चिरायचं तर कुऱ्हाड जड होते आणि विळा पुरत नाही. तिथं कोयताच पाहिजे.

आमच्या आठवडी बाजारात कोयते दोन ठिकाणी मिळतात. दुकानात पातळ पत्र्याचा, रंग दिलेला, प्लास्टिकच्या मुठीचा, साधारण दीडशेला. लिंबाखाली घिसाड्याच्या पालावर काळाकुट्ट, जुन्या ट्रकच्या कमानपाट्यातून घडवलेला, चारशेला. यातला परवडणारा कोणता?

वडील कोयता हातात घेतला की आधी तोल बघायचे. वजन पात्याच्या पुढच्या अंगाला असलं की घाव आपसूक बसतो, मनगट भरून येत नाही. मग टिचकी मारून नाद ऐकायचे. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द वाजला तर कुठंतरी चीर आहे म्हणून परत ठेवायचे. पात्याचं शेपूट मुठीतून पार जाऊन मागं वळवलंय का, हेही बघायचे. कारण लाकूड चिरताना कोयता त्याच्या डोक्यावर ठेवून वरून सोट्यानं ठोकावं लागतं, आणि तेव्हा कच्ची मूठ निखळते. शेवटी पाणी. तापलेल्या धारेला पाणी जास्त झालं तर टवके उडतात, कमी झालं तर धार वळते. ते नुसतं बघून कळत नाही, त्यासाठी घडवणाऱ्यावर भरवसा लागतो.

एकदा पालावर एक आप्पा घासाघीस करत होते. घिसाडी सांडशीत लोखंड धरून बसलेला, बायको घन मारत होती. आप्पा म्हणाले, "पन्नास कमी कर." ती घन खाली टेकवून म्हणाली, "करते की आप्पा. पर त्यातला कंचा घाव कमी करू, तेवढं सांगा." आप्पा हसले, आणि तीनशे ऐंशी देऊन गेले.

दुकानात हेच आप्पा छापील किंमत मुकाट्यानं देतात. जिथं घाम डोळ्यांदेखत गळतो तिथंच आपल्याला भाव पाडावासा वाटतो, याचं मला नवल वाटतं.

पण 'एकदाच चांगलं घ्यावं' हे शहाणपणही सगळ्यांना सांगता येत नाही. आमच्या शेजारची मावशी रोजानं जाते. दर दोन पावसाळ्यांनी तिचा पत्र्याचा कोयता वाकतो आणि ती तसलाच दुसरा आणते. तिला म्हटलं, तर म्हणाली, "आरं लेकरा, चारशे एकदम कुठनं आणू?" हिशेब तिलाही कळतो. तिच्याजवळ नसते ती एकरकमी नोट. म्हणजे गरिबाला स्वस्त वस्तूच महाग पडते. त्यात तिचा दोष कुठं आला?

म्हणून मला वाटतं, प्रश्न मावशीला विचारायचा नाही, ज्याच्या खिशात चारशे आहेत त्याला विचारायचा. त्यानंही भाव पाडला तर पाल पुढच्या बाजाराला येणार नाही. मग उरेल फक्त पत्रा, मावशीलाही आणि त्यालाही. बोथटलेला कोयता पुन्हा तापवून, ठोकून धार काढून देणारं माणूस गावाला राहणार नाही.

कोयता या शब्दाला आमच्या मुलखात आणखी एक अर्थ आहे. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा गडी असला तर 'अर्धा'. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागं. माणसाला हत्याराचं नाव पडलं की हत्याराला लावतो तीच नजर माणसाला लागते: कितीला पडला, किती दिवस टिकेल, मोडला तर दुसरा. बाईचं दुखणं, पोरांची बुडालेली शाळा या गोष्टी कोयत्याच्या हिशेबात कुठं बसवायच्या?

खंडेनवमीला आम्ही कोयता धुऊन पुसून हळदकुंकू लावतो, झेंडूचं फूल वाहतो. दसरा झाला की थोड्याच दिवसांत ट्रक भरून कोयते कारखान्याकडं निघतात. त्यांचा भाव ठरतो तेव्हा तिथं कुणी तरी विचारायला हवं, यातला कंचा घाव कमी करू म्हणून.