पुस्तक मिटल्यावर

दहावीची परीक्षा जवळ आली की घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं, ‘पुन्हा एकदा वाचून काढ.’ मुलांचे बरेच तास इथेच वाया जातात, असं मला वाटतं. 2006 साली रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून, मग न बघता आठवेल तेवढा लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र त्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि लिहून पाहणाऱ्यांना 56 टक्के. वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, तेच फसवं असतं. परीक्षेत तर आठवायचं असतं.

कुणी म्हणेल, चाचण्यांचं ओझं आधीच काय कमी आहे? पण ओझं असतं ते गुणांचं, तुलनेचं. कोऱ्या पानावर लिहून स्वतःच पुस्तकाशी ताडून पाहण्यात कुणासमोर मान खाली घालावी लागत नाही. गणितात 35 गुणांसाठी धडपडणाऱ्या मुलाला काहीच आठवणार नाही, ही शंका मात्र रास्त आहे. त्याला अख्खा धडा देऊच नये. एक सूत्र, एक सोडवलेलं उदाहरण, मग पुस्तक मिटून तेच पुन्हा. दोन दिवसांनी परत एकदा. यात सातवीपर्यंत शिकलेली आईसुद्धा भरीव मदत करू शकते: पुस्तक हातात धरून स्वाध्यायातला प्रश्न विचारायचा, आणि उत्तर अडलं तर न रागावता थोडं थांबायचं.