ऑकलंडचा सातवा दिवस

तोरा या ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या अवघड जागा कुणालाही माहीत असतात. डोळ्याबद्दल डोळा मागणारा दंड घ्या, किंवा बंडखोर मुलाला दगडांनी मारण्याची आज्ञा. पहिल्याचा अर्थ तालमूद या चर्चाग्रंथातल्या पंडितांनी नुकसानभरपाई असा लावला. दुसऱ्याला इतक्या अटी घातल्या, की असा मुलगा कधी झालाच नाही आणि होणारही नाही, असं मत तिथेच नोंदलेलं आहे. मला मात्र खरी अवघड वाटते ती सगळ्यात सोपी आज्ञा: सहा दिवस काम करा, सातव्या दिवशी थांबा.

पृथ्वी गोल, म्हणून वार कुठेतरी बदलायलाच हवा. कुठे, ते तोरा सांगत नाही. ग्रीनिचवरून धरलेली वाररेषा ही व्यवहाराची सोय. धर्मशास्त्राने ती का मानावी? तालमूदमधल्या चंद्रदर्शनाच्या चर्चेवर बाराव्या शतकात झालेल्या भाष्याच्या आधारे हजोन ईश, म्हणजे राब्बी अव्राहाम कारेलित्झ, यांनी ही रेषा जेरुसलेमच्या पूर्वेला ९० अंशांवर धरली. ऑकलंड आहे सुमारे १४० अंशांवर. त्यांच्या मते इथला शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा सातवा दिवस, रविवारी येतो! राब्बी तुकाचिन्स्की यांनी रेषा जेरुसलेमपासून १८० अंशांवर धरली, म्हणजे इथे शनिवारच. १९४१ साली जपानमध्ये पोचलेल्या युरोपातल्या निर्वासितांनी योम किप्पूरचा, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाचा, उपास कधी करायचा, असं तारेने विचारलं. जेरुसलेमच्या पंडितसभेने बुधवार सांगितला, हजोन ईशांनी गुरुवार.

ऑकलंडचा ज्यू समाज शनिवार पाळतो. हजोन ईशांना मानणारे काही जण रविवारीही तोरात वर्ज्य असलेली कामं टाळतात. एकाच पंचांगात स्मार्त आणि भागवत एकादशी शेजारीशेजारी पाहिलेल्या मराठी माणसाला हे परकं वाटू नये.

वाळवंटात वारांचा हिशेब हरवलेल्या वाटसरूने काय करावं, हाही प्रश्न तालमूदमध्ये आहे. राव हूना म्हणतात, सहा दिवस मोजावेत आणि सातवा पाळावा. हिया बर राव म्हणतात, आधी एक पाळावा, मग सहा मोजावेत. चर्चा इथेही थांबत नाही: रोज पोटापुरतंच काम करावं, असं रावा सुचवतात. तो एकटा माणूस, त्याच्यापाशी धड तारीखही नाही, तरी आज्ञेतून त्याला सूट नाही. मला या परंपरेचं मोठेपण इथे दिसतं. अर्थ लावणं म्हणजे आज्ञेला बगल देणं, हा आरोप म्हणूनच मला मान्य नाही. नुसत्या अक्षराला चिकटून बसणाऱ्याला ऑकलंडमध्ये शब्बाथ पाळताच येणार नाही. सातवा कुठून मोजायचा, हे त्याला कुणाला तरी विचारावंच लागेल.

आपल्या कोकणात तर ग्रंथही हाताशी नव्हता. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या बेने इस्राएल ज्यूंच्या पूर्वजांच्या पोथ्या समुद्रात गेल्या, असं त्यांची परंपरा सांगते. तरी त्यांचे घाणे शनिवारी बंद राहत, आणि गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत.