हजारावा प्रयोग कुणाचा?

एकच नाटक. तेच संवाद, त्याच हालचाली, आणि टाळ्याही बहुतेक त्याच वाक्यांवर. हे सगळं एखादा माणूस वीस-तीस वर्षं करत राहतो. याला निष्ठा म्हणायचं, सवय म्हणायचं, की दुसरं काही करून बघायची भीती?

प्रश्न नाटकवाल्यांचा वाटतो, पण तो आपल्या पिढीलाही नेमका लागतो. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एका कंपनीत तीन वर्षं काढली की लोक काळजीने विचारतात, 'अजून स्विच नाही मारलास?' कोड लिहायला शिकतानाही सुरुवातीलाच सांगतात की एकच गोष्ट दोनदा लिहू नकोस. एकदा फंक्शन लिही, मग मशीनला ते लाख वेळा चालवू दे. थोडक्यात, तेच ते करणं हे मशीनचं काम आणि नवं काही करणं हे माणसाचं, असं आमच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

या हिशेबात प्रभाकर पणशीकर कुठेच बसत नाहीत.

आचार्य अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' 1962 साली रंगभूमीवर आलं. माधव काझी नावाच्या भामट्याच्या खऱ्या खटल्यावर ते बेतलेलं होतं. पणशीकरांनी त्यातला लखोबा लोखंडे केला, त्याची वेगवेगळी सोंगं केली, आणि पुढे कित्येक दशकं ते करतच राहिले. मच्छिंद्र कांबळी 'वस्त्रहरण'मधले तात्या सरपंच म्हणूनच घराघरात पोचले. लक्ष्मण देशपांडे एकटेच रंगमंचावर उभे राहून 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली 52 पात्रं उभी करायचे. दिवसा विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा माणूस वर्षानुवर्षं तेच वऱ्हाड घेऊन गावोगाव फिरला. लंडनमध्ये 'द माउसट्रॅप' 1952 पासून सुरू आहे. त्यात डेव्हिड रेव्हन नावाच्या नटाने मेजर मेटकाफची भूमिका 4,575 वेळा केली.

4,575 वेळा तेच! आमच्याकडे हा आकडा दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं, 'हे ऑटोमेट का नाही केलं?'

आता एक अडचणीचा मुद्दा. लखोबा लोखंडे काय करतो? तो एकामागून एक बायकांना फसवतो. प्रत्येकीसमोर गोड बोलतो, आणि बोलतो असं की जणू हे शब्द आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडून निघतायत. मग त्याची भूमिका करणारा नट काय करतो? तोही दर प्रयोगाला नव्या माणसांसमोर उभा राहून पाठ केलेली वाक्यं अशीच म्हणतो, की जणू ती आत्ताच सुचली. मग भामट्यात आणि नटात फरक काय?

'प्रेक्षकांना माहीत असतं की हे नाटक आहे' हे उत्तर लगेच सुचतं. ते बरोबर आहे, पण अर्धं. कारण नाटक आहे हे माहीत असलेल्या प्रेक्षकाचीही फसवणूक होऊ शकते. नट नुसता उरकत असेल, डोळे घड्याळाकडे आणि मन पुढच्या दौऱ्यात असेल, तर तिकिटाचे पैसे घेऊन त्याने टोपीच घातली म्हणायची.

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये दिदेरो नावाच्या विचारवंताने यावर डोकं खाजवलं होतं. त्याचं म्हणणं असं, की जो नट खरोखर भावनेच्या भरात काम करतो तो पहिल्या प्रयोगाला पेटलेला असतो आणि तिसऱ्याला थंड पडतो. मोठा नट आतून शांत असतो, बारकाईने बघतो, आणि म्हणूनच रोज तितकंच चांगलं काम करू शकतो. हे पटलं तर 'मनापासून करणं' या शब्दाचा अर्थच बदलतो. रोज आतून भरून यायलाच हवं असं नाही. समोरच्याकडे रोज लक्ष मात्र हवं.

भामट्याचा आणि नटाचा फरक मला इथे सापडतो. दोघेही तेच ते बोलतात. पण भामट्याला समोरची बाई बाई म्हणून दिसतच नाही, तिचे दागिने दिसतात. चांगल्या नटाला समोरचा अंधार दिसतो आणि त्यात आज कोण बसलंय याचा अंदाज येतो. आज हशा अर्धा सेकंद उशिरा आला, म्हणून तो पुढचं वाक्य अर्धा सेकंद थांबवतो. मशीनच्या आणि त्याच्या पुनरावृत्तीत एवढाच फरक असतो, आणि तो फार मोठा असतो.

समजा, केमचा एक माणूस दुपारची गाडी पकडून सोलापूरला आलाय आणि हुतात्मा स्मृती मंदिरात मागच्या रांगेत बसलाय. केम हे करमाळा तालुक्यातलं गाव. इथे नाटकाचं थिएटर नाही. नाव आहे ते कुंकवाचं. या माणसासाठी हा नटाचा हजारावा प्रयोग नाही. त्याच्यासाठी हा पहिला आहे, आणि कदाचित शेवटचाही. नटाच्या हजार वेळा करण्याचं ओझं त्याने का वाहायचं? हजार हा आकडा नटाचा आहे, प्रयोग त्या माणसाचा आहे.

केमच्या कुंकवाचंही तसंच आहे. वर्षानुवर्षं तेच कुंकू बनवणाऱ्याला कुणी विचारत नाही की यंदा नवं काय केलं. पण जिच्या कपाळावर ते लग्नाच्या दिवशी लागतं तिच्यासाठी तो दिवस एकदाच येतो. डॉक्टर त्या दिवसातल्या पंधराव्या पेशंटला तेच निदान सांगतो. मास्तर तिसाव्या वर्षी पायथागोरसचा तोच सिद्धांत फळ्यावर मांडतात. जगाचा बराचसा गाडा अशा लोकांवर चालतो, जे आपलं शंभरावं काम दुसऱ्याच्या पहिल्या वेळेसारखं करतात.

पण हा विचार इथेच सोडला तर तो धोकादायक आहे. 'लोकांना तुमची गरज आहे, म्हणून करत राहा' हे वाक्य पिळवणूक करणाऱ्याच्या तोंडीही छान शोभतं. विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट महाराष्ट्रात सगळ्यांना माहीत आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि परत नाचायला आल्या, असं सांगतात. आपण ही गोष्ट कलानिष्ठेचं उदाहरण म्हणून अभिमानाने सांगतो. मला ती ऐकताना आपलीच लाज वाटते. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या बाईचे शेवटचे दिवस हलाखीत गेले. 2002 साली त्या वारल्या, आणि नंतर सरकारने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. त्यांना थांबायची मुभा होती का? फड बंद पडला तर खायचं काय, हा प्रश्न असताना 'निष्ठा' हा शब्द वापरायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून टिकून राहण्याचं कौतुक करण्याआधी एक अट घालायला हवी. ज्याला सोडून जाता येतं, त्याच्याच राहण्याला निष्ठा म्हणावं. बाकीच्यांना टाळ्यांआधी पेन्शन द्यावी.

आणि ज्याला सोडता येतं त्याने कधी सोडावं? वर्षं मोजून ते कळणार नाही. दोन वर्षांतही माणूस यंत्र होतो. मी असे लोक पाहिलेत, जे दर दीड वर्षाला कंपनी बदलतात आणि प्रत्येक ठिकाणी तेच काम तितक्याच दुर्लक्षाने करतात. त्यांचं गाव बदलतं, नाटक तेच राहतं, आणि तेही पडलेलं. खरी खूण वेगळी आहे: समोरचा माणूस दिसायचा थांबला की निघावं. नाटक त्यामुळे मरत नाही. देशपांडे गेल्यानंतर संदीप पाठक 'वऱ्हाड' करू लागले आणि लोक पुन्हा पहिल्यांदाच हसले.

पणशीकरांनी आत्मचरित्राला नाव दिलं 'तोच मी!' रंगमंचावर आयुष्यभर 'तो मी नव्हेच' म्हणणाऱ्या माणसाचं हे उत्तर निव्वळ कोटी वाटू शकतं. मला त्यात एक हक्क सांगितलेला दिसतो. इतकी वर्षं दुसऱ्याचे शब्द बोलूनही मी हरवलो नाही, ते शब्द बोलणारा मीच होतो.

आपल्यातल्या प्रत्येकाकडे कुठलं तरी एक काम असतं, जे आपल्याला पाठ झालंय. उद्या ते करताना समोर कोण आहे ते एकदा नीट बघा. त्याच्यासाठी कदाचित तिसरी घंटा आत्ताच झालेली असेल.