लिहिण्याआधीचे 45 सेकंद

बसा.

वही जवळ असेल तर असू दे, पण मिटलेली. पेनाला टोपण लावा.

समोर कुणाची तरी नवी फाइल आलेली आहे. किंवा पन्नास-शंभर प्रतींतच काढलेली एखादी कॅसेट. संगीत अनोळखी आहे. ताल नाही, शब्द नाहीत, धरायचं कुठून ते कळत नाही. आणि परीक्षण उद्या द्यायचं आहे.

ते राहू दे थोडा वेळ.

आज नवं बाजूला ठेवू या आणि एक जुनी तबकडी ऐकू या. 1989 साली अमेरिकेतल्या 'न्यू अल्बियन' या कंपनीने काढलेली. नाव 'डीप लिसनिंग'. तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून आपल्याला घाई नाही.

श्वास सोडा. आधी सोडा. घ्यायचा तो आपोआप घेतला जाईल.

आता खाली उतरायचं आहे, ही तबकडी जिथे ध्वनिमुद्रित झाली तिथे.

अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यात, पोर्ट टाउनसेंड नावाचं समुद्रकाठचं गाव आहे. तिथे फोर्ट वर्डन आहे. प्युजेट साउंड या खाडीच्या तोंडावर पहारा ठेवायला लष्कराने 1900च्या आसपास बांधलेला तळ. आज तिथे लोक फिरायला येतात. तोफा गेल्या, जमिनीखालची पाण्याची टाकी उरली. 20 लाख गॅलनची, म्हणजे सुमारे 75 लाख लिटरची. आत पाणी नाही.

जमिनीतल्या लहानशा तोंडातून शिडीने उतरायचं. 14 फूट.

एक पाय.

दुसरा पाय.

डोळे मिटलेले असले तरी चालेल, खाली तसंही फार दिसत नाही. काँक्रीटचे खांब आहेत. त्यांच्यामागे खांब. त्यांच्यामागे अंधार.

उभे राहा.

इथे एक साधा खोकला आला तर? येऊ दे. ऐका त्याला.

तो जात नाही.

घरातल्या खोलीत टाळी वाजवली तर अर्ध्याएक सेकंदात संपते. चांगल्या सभागृहात दोनेक सेकंद रेंगाळते. या टाकीत ती 45 सेकंद राहते.

खरंच थांबून बघा. घड्याळ नको. मनातल्या मनात एक टाळी वाजवा आणि तिच्या मागे जा.

अजून आहे.

अजून आहे, पातळ झालेली.

आहे की नाही, ते आता नक्की सांगता येत नाही.

आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर चालतो. म्हणजे विरेपर्यंत ही टाळी भिंत, खांब, छत, पुन्हा भिंत करत 15 किलोमीटर चालते. दादरहून सरळ निघाली असती तर गोरेगावच्या आसपास पोचली असती. विरली म्हणजे तरी काय, तर तिची शक्ती मूळच्या 10 लाखाव्या भागावर आली. हिशेबासाठी ध्वनिशास्त्राने तिथे एक रेघ मारली आहे.

रेघेपलीकडचं तुम्ही ऐका.

ऑक्टोबर 1988. तिघं जण या टाकीत उतरतात. पॉलीन ऑलिव्हेरोस अकॉर्डियन घेऊन. स्टुअर्ट डेम्प्स्टर ट्रॉम्बोन आणि डिजरिडू घेऊन. पनायोटिस आपला गळा घेऊन. ध्वनिमुद्रणाची यंत्रं आहेत, पण आवाजाला घुमवणारं यंत्र एकही नाही. घुमणं टाकीचं.

पहिला तुकडा लावा. 'लिअर'. सुमारे 25 मिनिटांचा.

आवाज मोठा करू नका. होता तेवढाच ठेवा.

एक खालचा सूर येतो. येतो म्हणण्यापेक्षा, असतोच. आपल्याला उशिरा कळतं. पावसाळ्यात भिंतीत ओल चढावी तसा चढतो.

त्याच्याबरोबर राहा.

आपण अकॉर्डियन ऐकलेला असतो तो जुन्या हिंदी गाण्यांतला, नाचरा. इथे तो नाचत नाही. भाता हळूच उघडतो. हवा आत जाते, पट्टी थरथरते, सूर निघतो. आपल्या पेटीत जे होतं तेच. पेटी आणि अकॉर्डियन एकाच कुळातले. दोघांनाही वाऱ्यावर जगायचं असतं.

तुमचाही भाता आत्ता उघडतो आहे. त्याकडे लक्ष जाऊ द्या.

आत.

बाहेर.

पेटीवर आपल्याकडे एक जुना राग आहे. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, गाणाऱ्याच्या श्रुतींना त्या जुळत नाहीत, म्हणून 1940 पासून तीन दशकं आकाशवाणीने तिला दारात उभं केलं नव्हतं. ऑलिव्हेरोस यांनी आपल्या वाद्याचं हेच दुखणं वेगळ्या वाटेने मिटवलं. त्यांनी अकॉर्डियन शुद्ध स्वरांतरांत लावून घेतला.

हे आपल्या कानाला समजावून सांगावं लागत नाही. तानपुरा लागताना जवळ बसला असाल तर आठवा. जोडीच्या दोन तारा. एक किंचित खाली आहे. दोघींमध्ये एक लाट हलते आहे, वॅव, वॅव, वॅव. खुंटी जराशी पिळली की लाट मंद होते.

आणखी मंद.

मग थांबते. दोन तारांचा एक सूर होतो.

आता पुन्हा टाकीत या. तोच अनुभव इथे शोधा. दोन सूर एकमेकांजवळ आलेत. लाट हलते आहे का?

हलत असेल तर तिच्यावर बसा. उतरायची घाई नको.

थांबली असेल तर थांबलेलं ऐका.

एव्हाना डोक्यात शब्द यायला लागले असतील. 'गूढ.' 'अ‍ॅम्बियंट.' 'ध्यानासाठी उत्तम.' येऊ द्या आणि जाऊ द्या. हे शब्द वाईट नाहीत, पण ते शंभर तबकड्यांना बसतात. जो शब्द शंभरांना बसतो तो या एकीबद्दल काय सांगणार? मला तर 'ध्यानासाठी उत्तम' वाचलं की लिहिणाऱ्याला मध्येच डुलकी लागली असावी, असं वाटतं.

'टाकी हीच चौथी वादक आहे' हे वाक्यही येईल. या तबकडीबद्दल लिहिताना ते सगळ्यांनाच सुचतं. छान वाक्य आहे, म्हणूनच जरा थांबा. टाकी स्वतःहून काही वाजवत नाही. घेतलेलं लवकर सोडत नाही, इतकंच.

सोडत नाही म्हणजे काय होतं, ते ऐका.

ट्रॉम्बोनचा एक सूर सुटतो. डेम्प्स्टर थांबले आहेत, श्वास घेताहेत. सूर मात्र चालू आहे. आता ऐकू येतो आहे तो ओठांतून येणारा, की भिंतीवरून परतलेला?

सांगता येतं का?

नाही आलं तरी चालेल. अशा जागेत वाजवणाऱ्यालाही ते सांगता येणं कठीण. हा माझा, हा तुझा, ही हद्द इथे पुसट होते.

आणि सूर चुकला तर?

मैफलीत चुकलेला सूर पुढच्या तानेखाली झाकता येतो. इथे तो 45 सेकंद समोर उभा राहतो. त्याला बाहेर काढता येत नाही. पुढचा सूर त्याच्याकडे बघूनच लावावा लागतो. त्याच्या शेजारी काय ठेवलं म्हणजे तो चुकलेला वाटणार नाही, एवढंच हातात उरतं.

म्हणून तिघं जण फार थोडं वाजवतात.

ऐका, किती थोडं.

एक सूर. मग वाट पाहणं.

वाट पाहतानाही ते वाजतच असतात, कारण मघाचं अजून संपलेलं नाही.

तुम्हीही तसंच करा. मघाशी ऐकलेला सूर अजून आत कुठे आहे का, बघा. छातीत असेल. कानाच्या मागे असेल. जबड्यात असेल. जिथे असेल तिथे राहू द्या.

त्याच्यावर नवा विचार ठेवायची घाई करू नका.

श्वास सोडा.

पुन्हा.

'लिअर' संपत आला आहे. नेमका कुठे संपतो ते पकडायचा प्रयत्न करा. शेवटचा सूर सोडून तिघं गप्प झाले, तो क्षण एक. सूर टाकीत विरला, तो क्षण दुसरा. तुमच्या कानातून गेला, तो तिसरा.

यातला एकही नीट पकडता आला नाही तर बरंच आहे. तुम्ही ऐकत होता.

पुढचं काही लावू नका.

आता तुमची खोली ऐका.

पंखा. खाली कुणाचा तरी नळ. वळणावर गिअर बदलणारी रिक्षा. शेजारच्या कुकरची न झालेली शिट्टी, नुसती वाफ. हे सगळं मघापासून चालूच होतं.

ऑलिव्हेरोस 21 वर्षांच्या झाल्या तेव्हा, 1953 मध्ये, आईने त्यांना टेपरेकॉर्डर भेट दिला. त्यांनी मायक्रोफोन खिडकीत ठेवला. मग टेप लावून ऐकली. त्यात असे आवाज होते जे खिडकीशी बसूनही त्यांना ऐकू आले नव्हते. यंत्राने ऐकलं, कानाने सोडून दिलं. त्यानंतर सतत, सगळं ऐकत राहायचं हा नेम त्यांनी स्वतःला घालून घेतला. 2016 मध्ये त्या वारल्या. मधल्या साठ वर्षांतलं त्यांचं बरंचसं काम त्या खिडकीतून निघालेलं आहे.

तुमच्या खिडकीत काय आहे?

थोडा वेळ तिथेच थांबा.

अजून थोडा.

आता वही उघडली तरी चालेल.

पहिल्या ओळीत मत नको. ऐकलं ते लिहा. 'सुरुवातीला खालचा सूर, तो कधी सुरू झाला कळलं नाही.' पुरे आहे. मग पुढची ओळ. 'मध्ये दोन सुरांत लाट, मग ती नाही.' पुरे आहे. कुणाची शैली कुणासारखी, कुठल्या खणात ठेवायचं, पाचपैकी किती तारे, हे सगळं दाराशी उभं आहे. उभं राहू दे.

जिथे तुमचं लक्ष सुटलं ती जागाही लिहा. कंटाळा आला असेल तर कितव्या मिनिटाला, ते लिहा. तो तुकड्याचा दोष असू शकतो, आणि तसा असेल तर तसं म्हणायचं. शांत संगीत आपोआप चांगलं होत नाही. नुसता घुमारा घालून भारदस्त केलेल्या रिकाम्या तबकड्या दर महिन्याला निघतात, आणि त्यांना रिकाम्या म्हणण्याचा हक्क शेवटपर्यंत ऐकणाऱ्यालाच आहे.

माझं मत विचारलंत तर, या तबकडीत 'लिअर'ला तोड नाही. तिच्यात पुढे शंख आहे, धातूचे तुकडे आहेत, बागेला पाणी घालायची नळीसुद्धा फुंकलेली आहे. मौज आहे त्यात. पण धातू वाजला की टाकी मला क्षणभर नुसती नवलाची जागा वाटते. 'लिअर'मध्ये ती तशी एकदाही वाटत नाही.

तुमचं मत वेगळं होईल. होऊ द्या, पण 25 मिनिटं सलग दिल्यानंतर.

आणि ती मघाची नवी फाइल. आता तिच्याकडे वळा. ती कुणी एकट्याने, रात्री जागून, स्वतःच्या पैशाने केलेली असेल. तिला दया नको. पहिल्या सेकंदापासून शेवटच्यापर्यंत एकदा पुरती ऐका, संपल्यावर मिनिटभर गप्प बसा, मग जे वाटेल ते कठोरपणे लिहा. आणि अर्धीच ऐकली असेल, तर अर्धीच ऐकली असं छापा.