न हलणारी भिंत

गिरगावातला अरुंद प्लॉट, राहणार तीन पिढ्यांचं कुटुंब. आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षातल्या विद्यार्थिनीने आखलेलं घर साधं आणि धीट होतं. एकही कॉलम नाही, लांबीच्या दिशेने काँक्रीटच्या तीन भिंती, सगळे मजले त्यांच्यावर. भार कुठून कुठे उतरतो हे रस्त्यावरच्या माणसालाही दिसावं, हा तिचा आग्रह.

सरांनी मधल्या भिंतीवर पेन्सिल टेकवली. "धाकट्याचं लग्न झालं, दोन खोल्यांची एक करायची झाली, तर ही पाडता येईल?"

"नाही सर. वरचे तीन मजले तिच्यावर आहेत."

"मग घर त्यांचं, की तुझ्या स्ट्रक्चरचं?"

प्रश्न बोचरा होता, पण तिनेही विचार केला होता. गिरगावातल्या कितीतरी जुन्या चाळी सागवानी सांगाड्याच्या. भार खांब-तुळयांवर, मधल्या भिंती नुसता भराव. म्हणून बिऱ्हाडांना पार्टिशनं हलवता आली. "पण त्याच मोकळिकीत कुणी खांब तासला, कुणी तुळईला भोक पाडलं. त्यात गळती, वाळवी. आज कित्येक चाळी टेकूंवर उभ्या आहेत. कशाला हात लावायचा नाही, हे माझ्या भिंती उघड सांगतात."

सरांनी बीडीडी चाळींची आठवण करून दिली. 1920च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला बांधलेल्या 207 काँक्रीटच्या इमारती. मजबुतीला तोड नव्हती. मात्र घरात माणसं वाढली तरी 160 चौरस फुटांची खोली तेवढीच राहिली.

"आणि कांचनजंगा?" तिने विचारलं. कंबाला हिलवरची ही इमारत 1983 मध्ये पुरी झाली. वास्तुकार चार्ल्स कोरिया, स्ट्रक्चर शिरीष पटेल यांचं. 21 मीटर चौरसाचा, 84 मीटर उंच मनोरा. वाऱ्याचा आडवा जोर मधला काँक्रीटचा गाभा घेतो, बाजूचे भाग 6.3 मीटरपर्यंत अधांतरी पुढे येतात. त्यामुळे कोपरे मोकळे झाले आणि तिथे दुप्पट उंचीच्या गच्च्या बसल्या. "स्ट्रक्चरनेच घर घडवलं ना, सर?"

"तिथे आधी पश्चिमेचा प्रश्न होता. समुद्र आणि वारा तिकडे, ऊन-पाऊसही तिकडूनच. जुन्या बंगल्यांसारखा व्हरांडा हवा होता, त्यासाठी ही सगळी रचना. तुझ्याकडे भिंत आधी आली, कुटुंब नंतर."

"पण तिथल्या 32 घरांनाही तो गाभा हलवता येणार नाही. काहीतरी न हलणारं लागतंच."

हे सरांना मान्य करावं लागलं. वाद मिटला नाही, पण नेमका झाला: न हलणारं किती असावं, आणि कुठे?

तिने मधल्या भिंतीत प्रत्येक मजल्यावर एकाखाली एक गाळे सोडले. वर बीम, कडांना जादा सळई, गाळे तूर्त विटांनी भरलेले. पुढे विटा काढता येतील, काँक्रीटला धक्का न लावता. सलग भिंतीचा देखणेपणा गेला खरा, पण तीन पिढ्यांसाठी हेच घर अधिक चांगलं.

घरातली एखादी भिंत पाडायचं मनात असेल, तर वाचकांनीही आधी सोसायटीकडून इमारतीचा आरसीसी नकाशा मागावा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवावा. 'सगळेच पाडतात हो' या कंत्राटदाराच्या शब्दावर घण उचलू देऊ नये.